पाहुण्यांच्या भरवशावरची शहरे

मार्च २०२० च्या तिसऱ्या आठवड्यात लातूरच्या ट्यूशन एरियात जे घडले, ते ज्यांनी पाहिले त्यांच्या डोळ्यांसमोरून ते सहजासहजी जाणार नाही. गुंडाळलेल्या गाद्या, लोखंडी पेट्या, दोरीने बांधलेले पुस्तकांचे गठ्ठे आणि मिळेल त्या वाहनाने मुलांना घरी नेण्यासाठी आलेले पालक! ‘दोन-तीन आठवड्यांचा तर प्रश्न आहे’, असे एकमेकांना सांगत हा सारा मेळा पांगला. २२ मार्चचा जनता कर्फ्यू झाला, २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागली आणि बघता बघता खोल्या, खानावळी, अभ्यासिका, झेरॉक्सची दुकाने, चहाच्या टपऱ्या, सारे काही ओस पडले. मे महिन्याच्या आरंभी व्हावयाची ‘नीट’ परीक्षा पुढे ढकलत ढकलत १३ सप्टेंबरला झाली. वर्गांना कुलपे लागली ती कित्येक महिन्यांसाठी.

नांदेडला त्याच सुमारास नेमके उलट चित्र होते. तेथे पाहुणे होते. पण त्यांना जाता येत नव्हते. सचखंड हुजूर साहिबच्या दर्शनाला आलेले पंजाबचे सुमारे चार हजार यात्रेकरू टाळेबंदीत अडकून पडले. महिनाभर लंगरने त्यांचा सांभाळ केला. एप्रिलच्या अखेरीस बसगाड्यांमधून ते परतले आणि मग गुरुद्वाऱ्याच्या परिसरातील निवास, हॉटेले, ऑटोरिक्षा, प्रसाद-साहित्याची दुकाने यांच्या वाट्याला तीच शांतता आली, जी लातूरच्या वाट्याला आधीच आली होती.

ही दोन चित्रे शेजारी शेजारी ठेवली की मराठवाड्यातील या दोन प्रमुख शहरांच्या अर्थकारणाचे मर्म ध्यानात येते. एक शहर विद्यार्थ्यांवर जगते, दुसरे मोठ्या प्रमाणात यात्रेकरूंवर. आणि आता नांदेडही शिकवणी वर्गांच्या बाबतीत लातूरशी स्पर्धा करू लागले आहे. दोन्ही शहरे पाहुण्यांच्या भरवशावर उभी आहेत. पाहुणा येणे हे भाग्यच. ‘अतिथी देवो भव’ म्हणणारा आपला समाज त्याला नाही कसे म्हणेल? परंतु ज्या घराची चूल केवळ पाहुणा आला तरच पेटते, त्या घराला संपन्न म्हणावे काय, हा प्रश्न कोरोनाने विचारला होता. तो आपण ऐकला काय?

हे असे का झाले, ते थोडे मागे जाऊन पाहिले पाहिजे. नांदेड हे एके काळी कापसाचे शहर होते. उस्मानशाही मिलच्या भोंग्यावर अर्ध्या गावाचे घड्याळ चालत असे. येथील कापूस संशोधन केंद्रात निघालेले ‘नांदेड-४४’ हे संकरित वाण देशभरातील शेतकऱ्यांनी पेरले. म्हणजे बियाणे नांदेडचे, पीक नांदेडचे, कापड नांदेडचे. गेल्या शतकाच्या अखेरीस मिल बंद पडली, कामगार विखुरले, भोंगा थांबला. मग २००८ साल आले. जगातील मोठमोठ्या बँका त्या वर्षी कोसळत होत्या, अमेरिकेतील मंदीचे चटके पुण्या-बंगळूरच्या संगणक अभियंत्यांना बसत होते. नांदेडला मात्र गुरू-ता-गद्दी त्रिशताब्दीचा सोहळा होता. रस्ते रुंद झाले, पूल झाले, विमानतळाचा विस्तार झाला, लाखो भाविक आले. जागतिक मंदी नांदेडच्या वेशीवरूनच परत गेली, असे त्या वेळी वाटले. त्या अनुभवाने शहराची एक समजूत पक्की झाली, की पाहुणे आहेत तोवर आपल्याला धोका नाही. बारा वर्षांनी दुसरे जागतिक संकट आले आणि त्याने नेमक्या पाहुण्यांच्याच वाटा बंद केल्या.

लातूरची कथा वेगळी, पण तिचे वळण तेच. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात राजर्षी शाहू महाविद्यालयात प्राचार्य डॉ. जनार्दन वाघमारे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जादा तास, सतत सराव आणि प्रश्नपत्रिकांचा कसून अभ्यास यांची जी शिस्त घालून दिली, ती ‘लातूर पॅटर्न’ म्हणून महाराष्ट्राला परिचित झाली. ज्या भागातील मुलांना पुण्या-मुंबईच्या गुणवत्ता यादीत कोणी मोजत नव्हते, त्या भागाने राज्याला धडे दिले. हा मराठवाड्याच्या आत्मसन्मानाचा विषय होता आणि आहे. कालांतराने मात्र महाविद्यालयाचा पॅटर्न शिकवणी वर्गांचा झाला आणि शिकवणी वर्गांभोवती एक गावच्या गाव उभे राहिले. घरमालकांनी कर्ज काढून मजले चढवले. एका खोलीत चार खाटा आणि खाटेगणिक भाडे, हा हिशेब शेतीपेक्षा खात्रीचा ठरला. आडतीचा व्यापार सोडून मुलासाठी वसतिगृह बांधणारेही पुष्कळ निघाले.

लातूरला संकटे नवी नाहीत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसर उद्ध्वस्त झाला. जाड दगडी भिंती आणि त्यांवर मातीचे जड माळवद, ही शतकांची घरबांधणीच माणसांच्या जिवावर उठली. त्या भूकंपानंतर येथील गवंड्याने आपले काम बदलले. माळवदाची घरे मागे पडली, सळई आणि सिमेंटचा पट्टा आला. म्हणजे संकटाने धंद्याच्या मुळालाच हात घातला आणि धंदा शहाणा झाला. पुढे एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या फेरीत पाच लाख लिटर, नंतर पन्नास वाघिणींतून पंचवीस लाख. देशभर लातूरचे नाव झाले, पण कशासाठी, हे आठवले तरी मान खाली जाते. त्या संकटाने काय शिकविले? बोअर अधिक खोल गेले आणि पाण्याच्या जारचा व्यवसाय फोफावला. थोडक्यात, एका संकटाने कसब बदलले, तर दुसऱ्याने केवळ एक नवे दुकान उघडून दिले. कोरोनाची गणना यांपैकी कशात करायची?

टाळेबंदीत माणसे स्वस्थ बसली नाहीत, हे प्रथम सांगितले पाहिजे. रिक्षावाल्याने मागच्या आसनावर भाजीच्या पाट्या ठेवल्या. कापडाच्या दुकानांनी मुखपट्ट्या शिवून घेतल्या. आमच्या परिचयातील एक काकू ट्यूशन एरियात दीडशे मुलांची खानावळ चालवीत. मुले गेल्यावर त्यांनी महिनाभर डोक्याला हात लावून काढला आणि मग उन्हाळ्याच्या तोंडावर पापड, शेवया, काळा मसाला करावयास घेतला. शेजारच्या तिघी हाताशी आल्या. घरोघरी माल जाऊ लागला, दिवाळीत तर फराळाच्या मागणीला त्या पुऱ्या पडेनात. वर्ग उघडले, मुले परतली, तशी काकूंनी मसाल्याची भट्टी बंद करून पुन्हा पोळीचा तवा चढवला. कारण विचारले तर म्हणाल्या, “दादा, मेसचे पैसे महिन्याच्या पहिल्या तारखेला हातात पडतात. मसाल्याचे उधारीत अडकतात.” त्यांचे चुकले असे कोणी म्हणू नये. पण दीडशे माणसांचा स्वयंपाक वेळेवर व एकाच चवीचा करणाऱ्या अशा किती अन्नपूर्णा या शहरात आहेत! ही केवढी मोठी उत्पादक शक्ती आहे! तिला परवाना कसा काढावा, वेष्टन कसे करावे, बँकेकडे कोणता कागद न्यावा हे सांगणारा एक माणूस त्या आठ महिन्यांत दारी गेला असता, तर काही भट्ट्या आजही पेटलेल्या असत्या. केंद्राने जून २०२० मध्येच सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी योजना आणली होती. ३५ टक्के अनुदान, कमाल दहा लाख रुपये. योजना दिल्लीहून निघाली होती, काकूंच्या गल्लीपर्यंत तिला कोणी आणले नाही.

येथे थोडे आपल्याविषयीही बोलले पाहिजे. टाळेबंदीत शिध्याचे संच बांधणारे, औषधे पोहोचविणारे, परतणाऱ्या मजुरांना रस्त्यावर पाणी देणारे हात आपल्यापैकीच अनेकांचे होते. त्या कामाचे मोल कमी नाही. पण मदतकार्याची आपली सवय संकटाच्या पहिल्या महिन्यासाठी घडलेली आहे. सातव्या महिन्यात एखाद्या बाईसोबत बँकेत जाऊन तीन तास बसणे हे काम छायाचित्रात येत नाही आणि म्हणूनच कदाचित ते मागे राहते.

शिकवणी वर्गांनी काय केले? तेही पडद्यावर गेले. फळ्यासमोर भ्रमणध्वनी बांधून शिक्षक एकट्याने बोलू लागले. त्या काळात मोठमोठे पंडित सांगत होते की, आता वर्गखोलीचे युग संपले, लातूर-कोटा ही नावे इतिहासजमा होणार. प्रत्यक्षात काय झाले? ज्या ‘बायजूज’ कंपनीचे मूल्य २०२२ मध्ये २२ अब्ज डॉलर सांगितले जात होते, तिच्यावर जुलै २०२४ मध्ये दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली आणि लातूरच्या गल्ल्या पुन्हा सायकलींनी भरल्या. कारण सोपे आहे. पालक येथे व्याख्यान विकत घेत नाहीत. व्याख्यान फुकटही मिळते. पालक येथे पहाटेची जाग, सकाळचा वर्ग, रविवारची चाचणी, शेजारच्या खाटेवर अभ्यास करणारा मुलगा आणि चार ओळखीच्या माणसांची नजर विकत घेतात. लातूरच्या मास्तरांनी उभी केलेली ही शिस्त तंत्रज्ञानाला पुरून उरली, याचा अभिमान जरूर बाळगावा.

परंतु काळजीची गोष्टही तीच आहे. सारे काही पूर्ववत झाले, किंबहुना पूर्वीपेक्षा अधिक वेगाने झाले. नवे मजले चढले, नवी वसतिगृहे आली, नांदेडच्या श्यामनगर-बाबानगर भागातही तोच नमुना उभा राहिला. सारी गुंतवणूक पुन्हा एका परीक्षेवर! २०२४ मध्ये ‘नीट’ला तेवीस लाखांहून अधिक विद्यार्थी बसले, एमबीबीएसच्या जागा होत्या एक लाखाच्या थोड्या वर. त्याच वर्षी ५ मे च्या परीक्षेतील गैरप्रकारांच्या तपासाचे धागे लातूरपर्यंत आले आणि फेरपरीक्षा नाकारणारा सर्वोच्च न्यायालयाचा २३ जुलैचा निर्णय येईपर्यंत दोन्ही शहरांचा जीव टांगणीला लागला. त्याआधी जानेवारीत सोळा वर्षांखालील मुलांना शिकवणी वर्गात प्रवेश देऊ नये, असे केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने मार्गदर्शक सूचनांद्वारे सांगितले होते. म्हणजे विषाणूच लागतो असे नाही. दिल्लीतील एक परिपत्रक, एक न्यायनिवाडा, परीक्षेच्या पद्धतीत झालेला एक बदल यांपैकी काहीही या अर्थव्यवस्थेला आडवे करू शकते.

आता शहराबाहेर चला. कारण माझ्या मते कोरोनाचा खरा धडा गिरवला तो लातूर-नांदेडच्या शेतकऱ्याने.

खरीप २०२० ची ती गोष्ट. पुण्या-मुंबईहून परतलेली मुले गावात होती, जिल्हा परिषदेच्या शाळेत चौदा दिवस काढून घरी आली होती, शेतात हात भरपूर होते. पाऊसही वेळेवर आला. सोयाबीन पेरले आणि ते उगवलेच नाही! आदल्या वर्षीच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरातील अवकाळी पावसाने काढणीला आलेले सोयाबीन भिजले होते, तेच पिशव्यांतून बियाणे म्हणून आले. तक्रारींचा पूर आला, प्रकरण औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेले, पंचनामे झाले, कित्येकांना दुबार पेरणी करावी लागली. आधीच विषाणूने नाडलेल्या कुटुंबांच्या ताटात हा दुसरा दगड पडला.

पण पुढच्या वर्षी काय घडले ते पाहण्यासारखे आहे. सोयाबीन हे स्वपरागसिंचित पीक. एकदा प्रमाणित बियाणे घेतले की त्याचे उत्पन्न पुढची दोन वर्षे बियाणे म्हणून वापरता येते. दरवर्षी पिशवी विकत घेण्याची गरज नाही. ही माहिती विद्यापीठांच्या पुस्तिकांत कित्येक वर्षे होती, पण गावाच्या गळी उतरली ती ठेच लागल्यावर. कृषी विभागाने घरगुती बियाण्याची मोहीम घेतली आणि शेतकऱ्यांनी ती उचलून धरली. सोयाबीनच्या दाण्याचे टरफल नाजूक, म्हणून मळणीयंत्राचे फेरे कमी ठेवायचे. पोत्यांची थप्पी उंच रचायची नाही. मे महिन्यात शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळायचे आणि किती मोड येतात ते पाहायचे. सत्तर आले तर एकरी तीस किलो, त्याहून कमी आले तर त्या प्रमाणात अधिक. पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय चाड्यावर मूठ धरायची नाही. घरातली आजी हे पूर्वी ज्वारीच्या बाबतीत करीतच होती. विस्मरणात गेलेले शहाणपण गोणपाटातल्या मोडांच्या रूपाने परत आले. यात ना मोठे यंत्र आहे, ना मोठे भांडवल. आपले पोट कोणाच्या हाती आहे, याचा विचार करून त्यातली एक दोरी शेतकऱ्याने स्वतःच्या हाती घेतली.

एकच दोरी मात्र! बाकीच्या अजून दूरच्या हातांत आहेत. ऑगस्ट २०२१ च्या आरंभी लातूरच्या आडत बाजारात सोयाबीनने क्विंटलला दहा हजारांचा टप्पा ओलांडला, तेव्हा शेतकऱ्याच्या घरात सोयाबीन शिल्लक नव्हते. नवे पीक येण्याच्या आत कुक्कुटपालन उद्योगाच्या मागणीवरून केंद्राने बारा लाख टन जनुकीय सोयापेंड आयातीस मुभा दिली आणि दसऱ्याच्या सुमारास भाव निम्म्यावर आले. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध पेटले, तेल महागले, भाव पुन्हा चढले आणि नंतर असे उतरले की २०२४-२५ च्या हंगामात ४,८९२ रुपयांचा हमीभाव हेच स्वप्न झाले. सप्टेंबर २०२४ मध्ये खाद्यतेलावरील आयातशुल्क वाढविले, मे २०२५ मध्ये कच्च्या तेलावरील मूळ शुल्क पुन्हा निम्मे केले. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल आपण बाहेरून आणतो, त्यामुळे शहरी ग्राहकाची काळजी सरकारला करावी लागते, हे मान्य. पण आत्मनिर्भरतेची घोषणा करणाऱ्या सरकारकडून तेलबिया पिकविणाऱ्याला निदान एका हंगामापुरते तरी स्थिर धोरण मिळावे, ही अपेक्षा आपल्याच माणसांनी आपल्याच सरकारकडे स्पष्ट शब्दांत मांडली पाहिजे.

धोरण सुधारेल तेव्हा सुधारेल. शहरांनी काय करायचे? लातूरच्या तुरीला, उदगीरच्या डाळ गिरण्यांना, धर्माबादच्या मिरचीला व्यापाऱ्यांत मोठे नाव आहे. पानचिंचोलीची चिंच, बोरसुरीची तूरडाळ आणि कास्ती कोथिंबीर यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. तरीही आपल्या घरातील डाळीचे पाकीट हाती घेऊन पाहावे. ते कोठे भरलेले आहे? पुष्कळदा तूर मराठवाड्याची वा मोझांबिकची, वेष्टन परराज्यातले आणि नाव कोणा मोठ्या कंपनीचे असते. पोत्यात भरलेली तूर लातूरहून जाते आणि अर्ध्या किलोच्या पुड्यात लातूरलाच परत येते. मधला सारा नफा, मधले सारे रोजगार वाटेतच राहतात. घरमालकाने चौथा मजला चढविण्याऐवजी त्यातील थोडे पैसे अशा एखाद्या पुड्याच्या धंद्यात गुंतविले, तर भाड्याइतका परतावा पहिल्या वर्षी मिळणार नाही, हे खरे आहे. पण ‘नीट’चे वेळापत्रक बदलले म्हणून डाळ खाणे कोणी थांबवीत नाही. टाळेबंदीतही सारे ओस पडले, तेव्हा मोंढ्यातले हमाल आणि मापाडी पोती वाहत होतेच.

आणि एक ठिकाण आहे, लातूरजवळ हरंगुळला. ३१ मार्च २०१८ रोजी ज्याचे भूमिपूजन झाले, त्या मराठवाडा रेल्वे डबा कारखान्यातून कोरोनाच्याच वर्षात, २५ डिसेंबर २०२० रोजी, डब्याचा पहिला सांगाडा बाहेर पडला. नंतर दीर्घकाळ शेड उभी आणि काम थोडे, अशी अवस्था राहिली. सप्टेंबर २०२३ मध्ये वंदे भारत शयनयानाच्या १,९२० डब्यांसाठी करार झाला, तेव्हा आशा पुन्हा जागी झाली. या कामाला वेल्डर लागतील, फिटर, वायरमन, रंगारी, चटई-आसनांचे काम जाणणारे लागतील. ते बाहेरून येणार की निलंगा, औसा, लोहा, कंधारमधून? २०२० मध्ये पुण्याच्या कारखान्यांतून हात शिकून परतलेले अनेक तरुण गावी सहा महिने थांबले होते. त्यांची साधी नोंदवहीसुद्धा कोणी ठेवली नाही आणि कारखाने उघडताच ते चाकण-भोसरीला निघून गेले.

त्यांपैकी एकाची गाठ परवा बसस्थानकावर पडली. दिवाळीला आला होता. हरंगुळच्या कारखान्याविषयी विचारले तर म्हणाला, “काका, बोलावले तर उद्या येतो. आई-वडील इथे, शेत इथे. पण बोलावणार कोण आणि अर्ज द्यायचा कोणाकडे, तेवढे सांगा.” मला सांगता आले नाही. त्याच्या मागच्या फलाटावर दहावी झालेल्या मुलीची पेटी बसच्या टपावर चढविता चढविता एक बाप वाहकाला ट्यूशन एरियाचा थांबा विचारत होता आणि त्याचे उत्तर मात्र तेथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला ठाऊक होते.